सालदाराच्या नावावरची जमीन

निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. तपासलेले कितीतरी गुन्हे विसरलो, साहेबांची नावे विसरलो, पण त्या विहिरीवरचा दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. नावे मी कोणाचीच देणार नाही. मेलेला माणूस सालदार होता, त्याला मी सालदारच म्हणेन. ज्याच्याकडे तो कामाला होता, तो मालक. गाव शहादा तालुक्यातले, काळ्या जमिनीचे, केळी-पपईचे. एवढे पुरे.

होळी होऊन गेली होती. सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला, मालकाच्या विहिरीत प्रेत आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा गावातली पोरे गळ टाकून प्रेत ओढत होती आणि ते वर येत नव्हते. शेवटी एकाला दोर बांधून खाली सोडले. त्याने खालून ओरडून सांगितले की कमरेला दगड आहे. बैलाचा कासरा कमरेभोवती गुंडाळलेला आणि त्याच्या टोकाला लांबट काळा दगड, एका माणसाला जेमतेम उचलता येईल असा. दगडासकट सालदाराला वर काढले.

मालक तिथेच उभा होता. पांढरे कपडे, पायात बूट, हातात मोबाइल. बडा शेतकरी, गावात वजन. त्याने मला बाजूला घेऊन सगळे नीट सांगितले. गडी चांगला होता, पण हल्ली फार प्यायचा, बायकोशी भांडायचा. काल बाजाराचा दिवस, मजूर सगळे बाजाराला गेलेले, दुपारपासून हा दिसला नाही. दगड बांधून उडी घेतली, दुसरे काय. त्याच्या सांगण्यात कुठे अडखळणे नव्हते. नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो, खरे सांगणारा माणूस मध्येमध्ये अडखळतो, आठवतो, आधीचे दुरुस्त करतो.

सालदाराची बायको बांधावर बसली होती. भिल्ल समाजाची, चाळिशीच्या आतबाहेरची. मूलबाळ नव्हते. आमच्या हवालदाराने तिला विचारले, नवरा पीत होता का. ती म्हणाली, कोण पीत नाही? हवालदाराने लिहून घेतले, पतीस दारूचे व्यसन होते. अशीच लिहितात आपल्याकडे माणसे.

इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवले, अकस्मात मृत्यूची नोंद केली. डॉक्टरांनी सांगितले, मृत्यू बुडून झाला, फुप्फुसात पाणी आहे. डोक्याला मागे मार आहे, पण तो विहिरीच्या दगडी कड्यावर आपटूनही बसू शकतो. म्हणजे हेही असेल, तेही असेल. कासरा आणि दगड मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणून ठेवले.

संध्याकाळी मालक स्वतःच्या गाडीने ठाण्यात आला. मी चहा मागवला, तर चहा येण्याआधीच त्याने विचारले, मृत्यूचा दाखला कधी मिळेल? मी म्हटले, मिळेल. जाताना जिन्यावर वळून पुन्हा तेच विचारले. कुठेतरी पाणी मुरते आहे, असे मला तिथेच वाटले. घरचा माणूस गेला की लोक प्रेत कधी ताब्यात मिळेल ते विचारतात. गडी मेल्यावर मालकाला दाखल्याची एवढी घाई कशाला? पण नुसत्या संशयावर खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. वरून फोनही सुरू झाले होते. एक पुढारी म्हणाले, साहेब, किरकोळ प्रकरण आहे, गरिबाचे मढे कशाला उकरता. गरिबाची एवढी काळजी करताना त्यांना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

खबर मिळाली ती एका दुकानात. शहरात बी-बियाणे आणि औषधांचे दुकान होते, दुकानदाराचे आजोबा राजस्थानातून आलेले. माझ्या क्वार्टरच्या अंगणात चार झाडे होती, त्यांच्या औषधासाठी मी तिथे जायचो. पुडी बांधता बांधता तो हळूच बोलायला लागला. आधी त्याने हात जोडले की मला साक्षीला ओढू नका, मालकाची सगळी खते माझ्याकडून जातात. मग सांगितले, की तो सालदार होळीआधी दुकानात आला होता. कपाशीच्या बियाण्याची नोंद करायची म्हणाला. दुकानदाराने सवयीने मालकाचे खाते काढले. तर सालदार म्हणाला, मालकाच्या नावावर नको, माझ्या नावावर लिही, शेत माझे आहे.

“मला हसू आलं साहेब,” दुकानदार म्हणाला. “आणि मी ते हसत हसत मालकाला सांगून बसलो.”

हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता. त्याने पुडीचे पैसे घेतले नाहीत, मी ते गल्ल्यावर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडून सातबारा काढला. शेत खरेच सालदाराच्या नावावर होते. मालकाच्या जमिनीला लागून, पाण्याजवळची काळी कसदार जमीन.

बाहेरच्या वाचकाला हे कोडे वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्यात कोणती जमीन कोण घेऊ शकतो, याला कायद्याचे कुंपण आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. एका आदिवासीने दुसऱ्या आदिवासीला विकली, तर मात्र चालते. कायदा चांगला आहे, तो नसता तर तळोदा-शहाद्याकडच्या आदिवासींच्या हाती बोटभर जमीन उरली नसती. पण कुंपणाला भोक पाडणारे असतातच. शेजारचा आदिवासी शेतकरी गुजरातेत कायमचा निघून गेला, त्याची जमीन मालकाला हवी होती. मालकाने ती आपल्या सालदाराच्या नावावर खरेदी केली. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. त्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेले, अंगठा घेतला, भजी खाऊ घातली आणि परत आणले. त्याला वाटले रेशनचे काहीतरी आहे. पुढे कित्येक वर्षे ती जमीन मालकानेच खाल्ली, आणि तिच्यात राबला तिचा कागदोपत्री मालक. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे. असली जमीन आमच्या नातेवाइकांतही कुजबुजत बोलली जाते, त्यामुळे हे मला नवीन नव्हते.

आता सालदाराला मारायला कारण होते. पुरावा काही नव्हता. आत्महत्या कागदावर पक्की होत चालली होती. तसे झाले असते, तर दारुड्याने जीव दिला म्हणून फाइल बंद झाली असती, आणि मृत्यूच्या दाखल्यावर वारस म्हणून त्याच्या बायकोचे नाव लावून तिला एखाद्या दिवशी जीपमध्ये घालून नेऊन तिचाही अंगठा घेतला असता. तिच्याकडे त्या शेताशिवाय काहीही नव्हते, आणि शेत आपले होऊ शकते हेही तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणून मी तिला पुन्हा जबाबाला बोलावले.

ती सकाळी एकटीच पायी आली. ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीला नवा कप्पा बसवत होते, म्हणून आतले सामान व्हरांड्यात काढून ठेवले होते, जप्त सायकली, दारूचे कॅन, कुऱ्हाडी. त्यातच तो दगड भिंतीला टेकवून उभा होता. ती पायऱ्या चढली, तिची नजर दगडावर गेली आणि तिने चटकन डोक्यावरून पदर ओढला. तोंड फिरवले आणि अंग चोरून भिंतीकडे उभी राहिली. मी समोर होतो, हवालदार होता, आम्हा परक्या पुरुषांसमोर तिने पदर घेतला नव्हता.

मी विचारले, काय झाले बाई?

“मन्हा सासरा शे तो,” ती म्हणाली.

मला आधी काही समजेना. मग तिला आत बसवून, पाणी देऊन, हळूहळू विचारले. त्यांच्यात वडीलधारा माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. तो दगड आपल्या स्वतःच्या शेतात, बांधावर रोवायचा. नवे धान्य घरात आले की आधी त्याला दाखवायचे, मोहाची धार टाकायची, मग आपण खायचे. दुसऱ्याच्या शेतात तो रोवत नाहीत. सालदाराचा बाप जाऊन खूप वर्षे झाली होती, पण जमीनच नव्हती, म्हणून त्याचा दगड तिच्या दिराच्या झोपडीमागे आडवा पडून होता. मागच्या पावसाळ्यानंतर गावात पीकनुकसानीची यादी वाचली, तेव्हा तलाठ्याने सगळ्यांसमोर सालदाराचे नाव घेतले. शेत आपल्या नावावर आहे हे त्याला त्या दिवशी कळले. घरी येऊन तो जेवला नाही, नुसता बसून राहिला. होळीला तो बापाचा दगड डोक्यावर घेऊन आला आणि त्या शेताच्या बांधावर रोवला. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सालदारांचे साल बदलते तेव्हा, मालकाकडे पुन्हा साल धरायचे नाही, आपले शेत कसायचे, असे त्याने बायकोला सांगितले होते. मालकालाही सांगितले.

मग तिने मला विचारले, आणि त्या प्रश्नाने प्रकरण फिरले.

“साहेब, बापले कंबरले बांधीसन कोनी मरस का?”

नाही मरत. बुडायचेच असेल तर बांधावर दुसरे दगड काय कमी होते? दारूच्या नशेतसुद्धा त्यांच्यातला माणूस त्या दगडाला पाय लागू देत नाही. आम्ही सगळे शिकलेले लोक त्याला मुद्देमाल म्हणून क्रमांक देऊन बसलो होतो. मी लगेच जीप काढायला लावली.

बांधावर तिने जागा दाखवली. माती दाबून सारखी केलेली होती, वर पालापाचोळा टाकलेला. सरकारी पंच बोलावून खणले. दगडाच्या बुंध्याएवढा खड्डा निघाला, तळाशी ज्वारीचे दाणे आणि एक नाणे. रोवताना ते ठेवतात, असे तिने आधीच जबाबात सांगितले होते. दगडाच्या खालच्या भागावर पाण्यातही न गेलेला मातीचा पट्टा होता, तो खड्ड्याच्या खोलीशी बरोबर जुळला. म्हणजे दगड कोणीतरी उपटला होता आणि खड्डा बुजवून लपवला होता. मरायला निघालेला माणूस खड्डे बुजवत बसत नाही.

खुनाचा गुन्हा दाखल केला. ॲट्रॉसिटीचे कलम लागले, तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी चौकशीला मलाच बसवले. मालक ताकास तूर लागू देईना. पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, दगड म्हणजे दगड, शेतात काय दगड कमी आहेत. वकील बाहेर उभाच होता. मी त्याला फार विचारले नाही. त्याचा पुतण्या शेताची देखरेख करायचा, त्याला आत घेतले. पंचविशीचा, अंगाने धिप्पाड, मोटारसायकल मिरवणारा. पहिला दिवस त्यानेही तोच पाढा म्हटला. मी ओरडलो नाही, हात लावला नाही. मारझोडीने माणूस बोलतो, पण तुम्हाला हवे तेच बोलतो, कोर्टात त्याचा काही उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला त्या दगडाविषयी सांगितले. सालदाराचा बाप कधी मेला, दगड किती वर्षे झोपडीमागे पडून होता, सालदाराने तो कसा डोक्यावरून आणला, आणि सून त्याला पाहून पदर कसा घेते. सगळे सांगितले.

“त्याना बाप व्हता तो?” पोराने विचारले.

मी म्हटले, हो.

मग तो बोलायला लागला. काकाने सांगितले होते, “तो दगड पहिले उखाड. दगड ऱ्हायना ते तो आठून उठाव नही.” काकाला ते पक्के माहीत होते, हे लोक दगड रोवतात तिथून हलत नाहीत. बाजाराच्या दिवशी दुपारी शेतात कोणी नव्हते. पुतण्याने पहारीने दगड उपटला, कासरा बांधला आणि ओढत विहिरीकडे चालला, पाण्यात टाकून द्यायला. सालदार बाजारातून लवकर परतला होता. त्याने बापाचा दगड जमिनीवरून फरपटत जाताना पाहिला. तो धावत आला, दगडावर आडवा पडला, दोन्ही हातांनी धरून राहिला, सोडेना. पुतण्याने त्याच्या डोक्यात पहार घातली. तो हलेना, तेव्हा मेला असे वाटले. कासरा हातातच होता, दगड कासऱ्याला बांधलेलाच होता. तोच कासरा त्याच्या कमरेला गुंडाळला, दगडासकट त्याला विहिरीत लोटले आणि परत येऊन खड्डा बुजवला.

सालदार तेव्हा मेलेला नव्हता. हे मी त्याला सांगितले. फुप्फुसात पाणी गेले म्हणजे तो खाली जाताना श्वास घेत होता. पुतण्याने तोंड झाकून घेतले. मला त्याची कीव आली नाही, आणि आली असे लिहून मी मोठा होणार नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याने पहार काढून दिली, तो पंचनामा कामाला आला. पपईच्या ठिबकच्या नळ्यांखाली लपवली होती, टोकाला रक्त सुकलेले. दुकानदाराने साक्ष दिली. मला वाटले होते पळ काढेल, पण उभा राहिला. सालदाराच्या बायकोची उलटतपासणी वकिलाने फार वाईट घेतली. दगडाला तुम्ही सासरा कसा म्हणता, असे हसत विचारले. तिने उत्तर दिले की तुम्ही फोटोला म्हणता तसे. कोर्टात कोणी हसले नाही.

पुतण्याला जन्मठेप झाली. मालकाविरुद्ध त्या पोराच्या तोंडचे शब्द होते, बाकी काही नाही. आरोपीने आरोपीविरुद्ध सांगितलेले कितपत धरायचे? मालक संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात लोकांनी त्याला हार घातला. मी तो पाहिला. आजही आठवले की कानशिले तापतात.

मग जमिनीची लढाई सुरू झाली. मालकाच्या माणसांनी सालदाराच्या भावाला उभे केले, की वारस मीच. बाई तहसीलच्या चकरा मारत राहिली. मी तेव्हा बदलीवर तळोद्याला होतो, जमेल तसे फोन केले, एक चांगला वकील गाठून दिला. अखेर वारस म्हणून तिचे नाव लागले. पण नाव लागले म्हणजे झाले असे नाही. गावात कोणी तिला ट्रॅक्टर भाड्याने देईना. विहीर मालकाच्या हद्दीत, पाणी देण्याचा प्रश्नच नव्हता. माहेरचे लोक सातपुड्यातून बैल घेऊन उतरायचे, नांगरून द्यायचे आणि परत जायचे. पावसावर जेवढे येईल तेवढे.

निवृत्तीनंतर एकदा तिच्याकडे गेलो. चारही बाजूंना हिरवीगार केळी, आणि मध्ये तिची ज्वारी, गुडघ्याएवढी, पिवळट. मला वाईट वाटले, तसे बोललोही. ती म्हणाली, “एकच पीक येस, पन मन्हा घर येस.” तिने मला भाकरी खाऊ घातली. खुनाचा तपास केला म्हणून नोकरीत मला प्रशस्तिपत्र मिळाले होते, ते कुठे आहे आठवत नाही. ती भाकरी आठवते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी कधी कधी विचारतात. मी सांगतो की प्रेताच्या अंगावर जे सापडेल ते त्याच्या घरच्यांना दाखवा, त्यांच्या भाषेत विचारा, आणि ते काय म्हणतात त्यापेक्षा काय करतात ते बघा. हे तपासापुरते झाले. बाकी मला शिकवणारा प्रसंग नंतर घडला.

मागच्या वर्षी बायकोच्या मावसभावाकडे जेवायला गेलो होतो. मोठे बागायतदार, माझ्यावर जीव. जेवणानंतर सुपारी कातरत त्यांनी जुने प्रकरण काढले, सगळे ऐकून घेतले. हळहळलेही. मग आवाज खाली आणून म्हणाले, “दाजी, तुम्ले अनुभव शे म्हनीसन इचारस. बिगर लगनना सालदार देखा ते बरं ना? मांगे कोनी ऱ्हास नही.”

दुसऱ्याच्या घरी जेवून त्याच्यावर आवाज चढवणारा मी माणूस नाही. त्या दिवशी चढवला. तुमची कोणती जमीन कोणाच्या नावावर आहे ते आत्ता सांगा, नाहीतर सातबारा काढायला मला वेळ लागणार नाही, असे सगळ्या घरासमोर म्हणालो. बायको रडायला लागली. तेव्हापासून त्या घराशी आमचे येणेजाणे नाही.

सातबारा मी काढलाच. नाव मिळाले. धानोऱ्याकडच्या रस्त्याला त्यांच्या मळ्यात तो सालदार झेंडूला पाणी देत होता, विशीतला पोरगा. मी ओळख सांगितली आणि म्हटले, बाबा रे, ज्या शेतात उभा आहेस ते तुझ्या नावावर आहे, माहीत आहे का तुला? त्याने आधी रस्त्याकडे पाहिले, मग मळ्यातल्या घराकडे. पाण्याचा पाइप खाली ठेवून त्याने माझ्यापुढे हात जोडले.

“मले माहीत शे साहेब,” तो म्हणाला. “तुम्ही कोनले सांगू नका.”